नूडलचा श्रावण

तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकखाली परवापासून कागद जळायला लागलेत. पत्र्याच्या पिंपापाशी म्हाताऱ्या बायका उभ्या राहतात आणि सोनेरी कागद एकेक करून आत सोडतात. गवताच्या कडेला संत्री, भाताच्या वाट्या, उकडलेली कोंबडी आणि जाड अगरबत्त्या मांडलेल्या असतात. चिनी पंचांगातला हा सातवा महिना. या महिन्यात उपाशी भुतं मोकळी सुटतात असं इथले लोक मानतात. आपापल्या पितरांना तर वाढतातच, पण ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही अशा परक्या भुतांसाठीही एक पान मांडतात. माझी घरमालकीण, सत्तरीची चिनी आंटी, दरवर्षी मला समजावते, "दॅट वन नोबडी फीड, सो वी फीड लाह."

हा महिना सुरू करणाऱ्या त्याच अमावास्येनंतर इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रावण सुरू होतो. विषुववृत्ताजवळच्या या बेटावरच्या शहराला ऋतू नाहीत. ऊन आणि पाऊस इथे रोजच्या बसथांब्यासारखे येतात-जातात. त्यामुळे श्रावण इथे आभाळातून येत नाही, फोनमधून येतो. साबुदाणा कुठल्या दुकानात आला, सोमवारचं कोण काय करतंय, असे निरोप सुरू झाले की समजायचं.

मला मात्र श्रावण नाकाने कळतो. जळक्या कागदाचा वास आला की तीन वर्षांपूर्वीचा, याच शहरातल्या वुडलँड्समधला नववा मजला आठवतो. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळची कचऱ्याची लोखंडी झडप आणि काचेला नाक लावून बसलेला एक नारिंगी साप आठवतो.

यंदा वासाच्या आधी निरोप आला. त्या घरातल्या सान्वीचा. तेव्हा ती बारा वर्षांची होती, आता पंधराची. "ताई, लाँग टाइम. शाळेत एका चुकीवर भाषण करायचंय. मी नूडलबद्दल बोलणारेय. एक सांग ना, व्हाय डिड ही हेट मी आह?"

चार दिवस झाले. मी उत्तर दिलेलं नाही.

---

मी पत्रकांवर वाढले. बाबा परभणीजवळच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि शाळा सुटली की पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध, भानामतीविरुद्ध, पाणवठ्याच्या भांडणावर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर. पिवळा, गुलाबी, पोपटी असा जो स्वस्त कागद मिळेल तो. घड्या घालायचं काम माझं. नागपंचमीचं पत्रक ठरलेलं असायचं आणि त्यात तीन ठळक ओळी असायच्या. साप दूध पीत नाही. साप पुंगीवर डोलत नाही. साप डूख धरत नाही. मी सातव्या वर्षी ती पत्रकं बाजारात वाटली आहेत. एका बाईने पत्रकात लाह्या बांधून घेतल्या आणि मला म्हणाली, "कागद चांगलाय गं तुझ्या बापाचा."

बाबा नुसतं लिहीत नसत. गावातल्या सर्पमित्राबरोबर हिंडायचे आणि मलाही न्यायचे. घाबरलेला साप कसा असतो आणि भुकेला साप कसा, हे मी तिथे शिकले. घाबरलेला आधी इशारा देतो. अंग आक्रसतो, फुत्कारतो, पळायला वाट बघतो. भुकेला काहीच बोलत नाही. तो वासाच्या मागे येतो, थेट येतो, आणि धरलं की सोडत नाही.

मग शिष्यवृत्ती, पदवी, इथली संशोधनाची नोकरी, आणि वुडलँड्समधली खोली. जाहिरातीत लिहिलं होतं, 'महाराष्ट्रीयन मुलगी हवी, ओन्ली वेज, लाइट कुकिंग.' फोनवर मुग्धाताईंनी तीन प्रश्न विचारले. ऑफिस कुठे, पुण्याची का, आणि आडनाव काय. आडनाव सांगितल्यावर फोनवर एक क्षणभर काही आलं नाही. त्या क्षणाची मला सवय आहे. मग त्या म्हणाल्या, "बरं बरं. आम्ही तसलं काही मानत नाही हं. फक्त फ्रिजमध्ये अंडीबिंडी नको, वास लागतो."

मी हो म्हटलं. ऑफिस जवळ होतं. पत्रकात हे कुणी लिहीत नाही, की तत्त्व आणि बसचा प्रवास यांत माणूस बरेचदा बस वाचवतो.

---

राहायला गेले त्या दिवशी मुग्धाताईंच्या नवऱ्याने, केदारदादांनी, घर दाखवलं आणि शेवटी लेकीच्या, सान्वीच्या खोलीतला पडदा बाजूला केला. काचेची पेटी, त्यात लाकडाचा ओंडका, आणि त्यावर दोन-अडीच फुटांचा कोवळा कॉर्न स्नेक. पिकलेल्या आंब्यासारखा रंग, पाठीवर लालसर ठिपके. परीक्षेत चांगले मार्क पडल्याबद्दल लेकीने हट्ट केला होता. इथे साप पाळणं गुन्हा आहे. दादांनी तो कुणा ओळखीच्या ओळखीतून मिळवला होता, शेजारच्या देशातल्या जोहोरवरून पूल ओलांडून एका मोज्यात गुंडाळून आणलेला.

"बिनविषारी आहे गं," दादा हसून म्हणाले. "माझ्या टीममधल्यांपेक्षा बराच."

"नाव नूडल," सान्वी म्हणाली. "डोंट टेल एनीवन, ओके?"

आणि मग मी पाहिलं की त्याच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर फ्रीजरच्या खालच्या खणात, मटारच्या पाकिटाखाली, एका स्टीलच्या डब्यात ठेवलेले आहेत. डब्याला लाल चिकटपट्टी. वास लागू नये म्हणून दोन पिशव्या. माझं एक अंडं ज्या फ्रिजला बाटवणार होतं, तिथे बारा उंदीर सुखाने झोपले होते.  मी खोलीत जाऊन हसले. 

नूडल तेव्हा चावरा म्हणून प्रसिद्ध होता. दादा त्याला बोटांत उंदीर धरून भरवायचे आणि सान्वी व्हिडिओ काढायची. दोनदा त्याने दादांचा अंगठा धरला होता. "अग्रेसिव्ह आहे," दादा म्हणायचे. मी म्हटलं, "दादा, तुमचा अंगठा उबदार आहे आणि त्याला उंदराचा वास येतोय. त्याने काय समजायचं?"

मग सान्वीला आणि मला एक काम मिळालं. स्टीमबोटच्या, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खातात त्या दुकानातून लांब चिमटा आणला. दर रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे अकराच वाजता. उंदीर गरम पाण्याच्या कपात उबदार करायचा, पुसायचा, चिमट्याने शेपटीकडून धरायचा आणि लांबूनच पुढे करायचा. आधी आणि नंतर साबणाने हात. जेवल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही. आणि एरवी, पाणी बदलायला पेटी उघडली की आधी लाकडी चॉपस्टिकने त्याच्या पाठीला हळूच टेकवायचं. टकटक. म्हणजे त्याला कळतं की हे जेवण नाही, हे माणूस आहे.

"इट्स लाइक नॉकिंग," सान्वी म्हणाली.

"हो. कुणाच्याही घरात शिरताना करावं तसं."

दोन महिन्यांत तो इतका निवळला की टकटक केली की तोंड बाजूला वळवायचा. सान्वीने वही केली होती. तारीख, एक उंदीर, शांत. तारीख, एक उंदीर, शांत. त्या वहीची भाषा मला फार आवडायची. त्या घरात मला पहिल्यांदा आपली वाटलेली गोष्ट ती वही होती. इथे कुणी रागीट नव्हतं आणि कुणी खालचं नव्हतं. भूक होती, आणि तिची वेळ पाळली जात होती.

---

दिव्यांच्या अवसेला मुग्धाताईंनी फ्रिज साफ करायला काढला. खाली पिंपात कागद जळायला लागले होते, राखेचे काळे कपटे नवव्या मजल्यापर्यंत उडत होते, आणि ताई गोमूत्राचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याने कप्पे पुसत होत्या. कपडे वाळत घालायला मी स्वयंपाकघरात आले तेव्हा लाल पट्टीचा डबा ओट्यावर होता.

"हे आता महिनाभर नको," त्या म्हणाल्या. "श्रावण आहे. एरवी मी डोळे मिटते, पण श्रावणात नाही."

केदारदादा दारात उभे होते. हॉकर सेंटरमध्ये जेवताना ते रोज चिकन राइस मागवायचे, पण या महिन्यात त्यांचंही बंद. म्हणाले, "मी वाचलं नेटवर. साप महिना महिना राहतात उपाशी."

"मोठे राहतात," मी म्हटलं. "हा वाढीचा आहे. दर आठवड्याची सवय लागलीय. मरणार नाही, पण बिथरेल. मग हात घालणं अवघड होईल."

सान्वी रडवेली झाली. "मम्मा, ही कान्ट फास्ट. ही इज अमेरिकन!"

सगळे हसले. मग ताईंना मार्ग सुचला. त्या खरंच समजुतीच्या सुरात म्हणाल्या, त्यांच्या मनात विष नव्हतं, आणि म्हणूनच ते मला आजवर बोचतं. "अगं प्रज्ञा, तूच का नाही ठेवत? छोटा फ्रिज आणू तुझ्या खोलीत, हे देतील आणून. तुमच्यात काय, चालतंच."

तुमच्यात.

मला ओळखणाऱ्यांनी हे मला कितीतरी वेळा ऐकवलं आहे. हॉस्टेलच्या मेसमध्ये, कँपसच्या सहलीत, अगदी प्रेमाने वाढताना. ऐकून घ्यायचं किंवा भांडायचं, असे दोनच रस्ते असतात असं मला वाटायचं. त्या दिवशी तिसरा सापडला. मी अगदी शांतपणे म्हटलं, "नको ताई. माझी खोलीही या घरातच आहे ना? मग श्रावण तिथेही असू दे की."

ताईंचा चेहरा उतरला. दादा फोनमध्ये बघू लागले. मला आतून लख्ख वाटलं. वाटलं, हे वाक्य बाबांनी ठळक अक्षरांत छापलं असतं.

ताईंनी झडप उघडली. डबा उपडा केला. गोठलेले उंदीर पाइपातून नऊ मजले खाली गेले. खडखड, खडखड, आणि मग काही नाही. सान्वी माझ्याकडे बघत होती. आईकडे नाही, माझ्याकडे.

---

नागपंचमीला सात बायका आल्या. नऊवारी, नथी, एसी सोळावर. हॉलमध्ये आणून ठेवलेल्या पेटीच्या काचेवर हळदकुंकू, पुढे लाह्या आणि चांदीच्या वाटीत दूध. पुण्याहून व्हिडिओवर दादांच्या आई हात जोडून म्हणाल्या, "केवढी भाग्याची गं मुग्धा! साक्षात नागोबा घरात!" दादा पुटपुटले, "आई, तो मक्याच्या शेतातला आहे, फॉरेनचा." कुणी ऐकलं नाही.

नूडलचं तोवर एक जेवण चुकलं होतं. इतक्या उबदार हातांची ये-जा काचेपलीकडे बघून तो डोकं उचलून एका हातामागून दुसऱ्या हाताकडे वळत होता. "बघा बघा, डोलतोय!" एक बाई म्हणाल्या.

"डोलत नाहीये," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं. "शोधतोय. दूध पीत नाही तो. त्याला खायला द्या."

"ही म्हणजे आमचं चालतंबोलतं पत्रक," मुग्धाताई हसत म्हणाल्या. बायकाही हसल्या. एकीने माझ्या हातावर लाह्या ठेवल्या आणि म्हणाली, "श्रद्धेचा भाग असतो गं. तुला नाही कळायचं."

मी लाह्या खाल्ल्या. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की साप दूध पीत नाही. मग काय खातो, हे त्या घरात सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. ज्ञानाची कमतरता नव्हतीच. बाबांच्या पत्रकांचा सगळा भरवसा असा की कळलं की माणूस सुधारतो. इथे कळलेलं होतं आणि वाटीत दूध होतं. आणि मला तर सगळ्यांत जास्त कळलेलं होतं, माझ्या खोलीत फ्रिजला जागा होती, आणि मी लाह्या खात उभी होते.

तिसऱ्या आठवड्यात तो काचेवर झेपावू लागला. पाणी ठेवायला कुणी वाकलं की काचेवर टप्प असा आवाज व्हायचा. टकटकीला दाद देईना. ताईंना वाटलं, कोप झाला. दादा म्हणाले, "मुळात जात्याच अग्रेसिव्ह." हा शब्द मी त्या महिन्यात फार ऐकला. आपणच ज्याचं जेवण थांबवलं त्याला 'रागीट' म्हणायचं, ही युक्ती काही सापापुरती नाही. माझ्या वस्तीतली माणसं तोंड उघडून मागायला लागली की त्यांनाही असंच म्हणतात. मी हे सगळं डोक्यात सुंदर मांडत होते. लेख तयार होत होता. साप उपाशी होता.

सान्वी रात्रीचं जेवण झालं की माझ्या दाराशी यायची. टकटक. "ताई, प्लीज. वन माउस ओन्ली. मम्माला नाही सांगणार."

मी म्हणायचे, "आईला सांग. नियम तिचा आहे."

"तिने तुला सॉरी म्हटलं तर?"

पोरीला सगळं समजलं होतं. मी म्हटलं, "तू झोप जा."

---

शनिवारी सकाळी ती शेजारच्या मैत्रिणीकडे जाऊन तिचा हॅम्स्टर खेळवून आली. हात न धुता पेटी उघडली. चॉपस्टिक हातात होती, पण उंदराच्याच कुळातला ताजा वास तिच्या तळव्यावर होता, आणि आत तीन आठवड्यांची भूक.

मी किंकाळीने धावले. त्याने अंगठ्याजवळचं मांस धरलं होतं आणि मनगटाला वेढे घातले होते. भक्ष्याला घालतो तसे. तो फुत्कारत नव्हता, त्याने इशारा दिला नव्हता. तो जेवत होता. मी तिचा हात धरून मोरीतल्या थंड नळाखाली नेला, थोड्या वेळाने त्याचा जबडा सैल झाला. जखम म्हणजे बारीक लाल टिंबांची एक कमान. पण सान्वी जखमेकडे बघतच नव्हती. "ही हेट्स मी," ती हुंदके देत म्हणत होती. "मी त्याला नॉक केलं होतं, ताई. आय नॉक्ड!"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी मलम शोधत राहिले.

दादांनी रविवारी अकरा वाजता, बरोबर त्याच्या जेवणाच्या वेळेला, त्याला उशीच्या अभ्र्यात घातलं. मी म्हटलं, "सरकारी लोकांना फोन करा. ते नेतात. तो बाहेर जगणार नाही, पेटीत जन्मलेला आहे."

"आणि नोकरीच्या पासचं काय?" दादा कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "माझा आहे, तुझाही आहे. तू वर्षभर या घरात राहतेस. तुला माहीत नव्हतं असं सांगशील?"

 तासाभराने ते रिकामा अभ्रा घेऊन परत आले. "सोडला, पाण्याकडेच्या झाडीत. निसर्गात." मुग्धाताईंनी देवापुढे दिवा लावला आणि म्हणाल्या, "सुटला बिचारा. पुण्यच लागलं." सान्वी वही उघडून बसली होती. तारीख लिहिली होती, पुढे काही नाही.

मी सलग चार संध्याकाळी त्या झाडीत फिरले. हिरवं ओलं गवत, खाली गटार, फांद्यांवर साळुंक्या आणि कावळे, कडेला हातभर लांब घोरपड. त्या सगळ्या हिरव्यात पिकल्या आंब्याचा रंग लपवायला कुठे जागा नव्हती. पुलावरून जोहोरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसत होती. मी चॉपस्टिक नेली होती. कशासाठी, मला माहीत नाही.

महिन्याअखेरीस मी खोली सोडली. निघताना ताईंनी डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली. मी ती घेतली.

---

बाबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं होतं, माझं वाक्य तर दोनदा. माझी खोलीही या घरातच आहे ना. मला वाटलं, शाबास म्हणतील. त्यांनी विचारलं, "मग साप?"

"सोडला त्यांनी."

 ते म्हणाले, "अपमान तुझा होता बेटा. भूक त्याची होती. दोन्ही एका ताटात का वाढलीस?"

मी चिडले. म्हटलं, तुम्हीच शिकवलंत ना ऐकून घ्यायचं नाही म्हणून? ते म्हणाले, "भांडायचं होतंस की. उंदीर ठेवून भांडायचं होतंस."

त्यावर मी तीन वर्षं उत्तर शोधतेय. ताईंनी देवासाठी उपास धरला, पण पोट दुसऱ्याचं वापरलं. हे मी केव्हाच लिहून ठेवलंय, छान वाक्य आहे. पुढचं वाक्य लिहायला मात्र हात वळत नाही. मीही निषेध केला, आणि पोट तेच वापरलं. आमच्या दोघींच्या भांडणात त्या घरात खरा उपास एकानेच केला, आणि त्याला श्रावण माहीत नव्हता, जात माहीत नव्हती, फक्त रविवार माहीत होता.

कालच बाबांचा निरोप आला. डोळ्यांना दिसत नाही आता, नागपंचमीचं पत्रक तू टाइप करून दे. ओळी त्याच. मी बसले. साप दूध पीत नाही. साप पुंगीवर डोलत नाही. साप डूख धरत नाही. तिसरी ओळ टाइप केली आणि पुढे सरकेना. हे मी सातव्या वर्षापासून वाटत आलेय. कुणी धरतं का, हे त्या पत्रकात कधीच नव्हतं. दिव्यांच्या अवसेला मी धरला होता, आणि चांगले तीन आठवडे धरून ठेवला होता.

खाली आंटी कागद सोडत होती. मी पत्रक तसंच ठेवलं आणि सान्वीला लिहिलं. मराठीतच लिहिलं, तिला सावकाश वाचता येतं.

'तो तुझ्यावर रागावला नव्हता. तुझी चूक नव्हती, फक्त हात धुवायचे राहिले. त्याला तीन आठवड्यांची भूक लागली होती. आईने उंदीर टाकले हे खरं. पण ते माझ्या खोलीत ठेवता आले असते. आईने विचारलं होतं. मी तिच्यावरच्या रागापोटी नाही म्हटलं. तुझ्या भाषणात ही चूक माझ्या नावाने सांग.'

बराच वेळ ती टाइप करत असल्याचं दिसत होतं. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. शेवटी उत्तर आलं ते एवढंच.

'आय नो, ताई. मी तेव्हा तिथेच होते. तू कधी सांगतेस ते बघत होते.'